सिद्धतेचा ताळा

गुणाकार संपवून उत्तर पाटीवर मांडलें, कीं जुने पंतोजी विद्यार्थ्यास एकच प्रश्न करीत: ‘ताळा पाहिलास काय?’ प्रत्येक संख्येंतील अंकांची बेरीज घ्यावी, तींतून नऊ नऊ टाकून द्यावे, उरलेल्या शेषांचा गुणाकार करून त्याचाही शेष काढावा, आणि तो उत्तराच्या शेषाशीं जुळतो कीं नाहीं हें पाहावें, अशी ती रीत. ती सोपी आहे, तशीच थोडी फसवीही आहे. उत्तरांत ४५ च्या जागीं ५४ लिहिले गेले, तरी हा ताळा जुळतोच. कारण दोहोंच्याही अंकांची बेरीज नऊच भरते. सारांश, ताळा न जुळल्यास उत्तर खात्रीनें चुकलेलें असतें. परंतु तो जुळल्यास उत्तर खात्रीनें बरोबर असतें, असें म्हणतां येत नाहीं.

आंकड्यांच्या उत्तराला निदान असा कच्चा ताळा तरी आहे. गणितांतील सिद्धतेला ताळा कोणता? त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते हें सिद्ध करतांना एकामागून एक पायऱ्या मांडल्या जातात. त्यांतील प्रत्येक पायरी मागील पायऱ्यांवरून खरोखरच निघते, हें कोणीं ठरवावयाचें? युक्लिडच्या काळापासून दोन हजारांहून अधिक वर्षें याचें उत्तर एकच होतें: दुसऱ्या जाणत्या मनुष्यानें ती सिद्धता वाचावी, आणि तिच्यांत दोष न आढळल्यास मान डोलवावी. गेल्या पन्नास वर्षांत हें उत्तर कांहीं ठिकाणीं अपुरें पडूं लागलें, आणि सिद्धतेचा ताळा पाहण्याचें काम संगणकाकडे आलें. दुसऱ्या बाजूनें, संगणक ज्या आज्ञावलीनें, म्हणजे प्रोग्रॅमनें, चालतो, ती बरोबर आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं गणितांतील सिद्धतेची गरज भासूं लागली. या दोन विद्या एकमेकींकडे कशा येत गेल्या, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय होय.

त्यांची ओळख तशी जुनीच आहे. १८०६ सालीं मदुराई येथें जन्मलेले ऑगस्टस डी मॉर्गन हे पुढें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक झाले. १८४० च्या सुमारास त्यांनीं एडा लव्हलेस या बाईंना पत्रद्वारां गणित शिकविलें. बाईंनीं १८४३ सालीं चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर टिपणें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांत बर्नुली संख्या काढण्यासाठीं यंत्रानें कोणत्या क्रमानें काय करावें तें पायरीपायरीनें मांडून दाखविलें. तें यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. पण त्या टिपणास पहिल्या प्रोग्रॅमचा मान पुष्कळ जण देतात.

याच डी मॉर्गन यांच्याकडे १८५२ च्या ऑक्टोबर महिन्यांत फ्रेडरिक गथ्री हा विद्यार्थी एक शंका घेऊन आला. त्याचे बंधु फ्रान्सिस यांना इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवितांना असें आढळलें होतें कीं, सामाईक सीमा असलेले दोन परगणे एकाच रंगाचे येऊं नयेत एवढें पथ्य पाळावयाचें असेल, तर चार रंग पुरतात. मग कोणत्याही नकाशास चार रंग पुरतीलच काय? डी मॉर्गन यांना उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं २३ ऑक्टोबर रोजीं डब्लिनच्या विल्यम हॅमिल्टन यांना पत्र लिहून तो प्रश्न कळविला. एका हातानें प्रोग्रॅमच्या पहिल्या लेखिकेस शिकविणाऱ्या आणि दुसऱ्या हातानें हा प्रश्न जगापुढें ठेवणाऱ्या या गुरुजींस, या दोन गोष्टींची गांठ पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं पडणार आहे, याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

सत्तावीस वर्षांनीं, १८७९ सालीं, आल्फ्रेड केंपे या बॅरिस्टरांनीं चार रंगांच्या प्रश्नाची सिद्धता प्रसिद्ध केली. जाणत्यांनीं ती वाचली आणि मान डोलविली. अकरा वर्षें ती प्रमाण मानली गेली. १८९० सालीं डरहॅमच्या पर्सी हीवुड यांनीं तींतील एका पायरीला आधार नाहीं असें दाखवून दिलें. त्या मार्गानें पांच रंग पुरतात एवढेंच सिद्ध होत होतें. केंपे यांनीं चूक कबूल केली, पण तिची दुरुस्ती त्यांना साधली नाहीं. ताळा पाहणारीं माणसें विद्वान होतीं आणि प्रामाणिकही होतीं. तरी अकरा वर्षें तो चुकीचाच जुळत राहिला.

पुढील प्रकरण समजण्यासाठीं एक लहानसें उदाहरण घेणें बरें. देवळालीच्या शाळेंत शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं शोधून काढलेली ६१७४ ही संख्या महाराष्ट्रांतील गणितप्रेमी मंडळींस ठाऊक आहेच. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमानें मांडून लहान करावी, आणि मोठींतून लहान वजा करावी. उत्तरांत अंक कमी पडल्यास डावीकडे शून्य लिहून चार पुरे करावेत. त्या उत्तराला पुन्हा तीच कृति लावावी. आरंभीं ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा होऊन ३०८७ येतात; मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२; मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. यापुढें कितीही वेळां तीच कृति केली तरी ६१७४ च येत राहतात. आरंभ कोणत्याही संख्येपासून करावा, फार तर सात वजाबाक्यांत हीच संख्या हातीं येते.

हें विधान खरें कशावरून? अशा संख्या एकंदर ८,९९१ आहेत. एकेक घेऊन तपासावी, हा सरळ मार्ग आहे. दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला तर संगणक तें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरें करतो. पण थोडा विचार केला तर कामच कमी होतें. वजाबाकीचें उत्तर चारही अंकांवर वेगवेगळें अवलंबून नसतें. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर आणि मधल्या दोन अंकांतील अंतर, एवढ्या दोन गोष्टींवरूनच तें ठरतें: पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज केली कीं उत्तर आलें. अंतरांच्या अशा जोड्या केवळ ५४ होतात. म्हणजे जवळजवळ नऊ हजारांचें काम विचारानें चोपन्नांवर आणलें, आणि तेवढें काम कागद-पेन्सिल घेऊन एका दुपारीं उरकतां येतें. आधीं विचारानें प्रकरणें मोजकीं करावीं आणि मग तीं मोजकीं प्रकरणें कष्टानें तपासावीं, ही विभागणी ध्यानांत ठेवली म्हणजे १९७६ सालीं काय घडलें तें समजण्यास अडचण पडणार नाहीं.

त्या वर्षीं इलिनॉय विद्यापीठांतील केनेथ अपेल आणि वुल्फगांग हाकेन यांनीं चार रंगांचा प्रश्न सुटल्याचें जाहीर केलें. नकाशे अनंत आहेत. ते एकेक रंगवून पाहणें कोणासही शक्य नाहीं. त्यांचा युक्तिवाद असा होता: चार रंगांत न बसणारा नकाशा असेलच, तर त्यांतील सर्वांत लहान नकाशा घ्यावा. त्यांत कांहीं ठराविक मांडण्यांपैकीं एक तरी सांपडलीच पाहिजे. आणि त्यांतील कोणतीही मांडणी सांपडली, तरी तिच्या आधारें नकाशा आणखी लहान करतां येतो. सर्वांत लहान म्हणून घेतलेल्या नकाशाहून लहान नकाशा निघाला, म्हणजे मूळची कल्पनाच खोटी ठरली. अशा रीतीनें अनंत नकाशांचें काम १,९३६ मांडण्यांवर आलें. कापरेकरांच्या चोपन्न जोड्या एका दुपारच्या. या १,९३६ मांडण्या तपासण्यास त्या काळच्या संगणकांस सुमारें १,२०० तास लागले.

विद्यापीठाच्या गणित विभागानें चार रंग पुरतात ही वार्ता आपल्या टपालाच्या शिक्क्यांतच घातली. पण पुष्कळ गणितज्ञांना आनंदाऐवजीं अस्वस्थताच वाटली. सिद्धता म्हणजे दुसऱ्याच्या बुद्धीस पटवून देणें. जी कोणीही मनुष्य अथपासून इतिपर्यंत वाचूं शकत नाहीं, ती पटली असें कोणीं म्हणावें? प्रोग्रॅमांत एखादें चिन्ह चुकलें असेल, यंत्रांत एखादा दोष असेल. मग चार रंगांचें प्रमेय ‘सिद्ध’ झालें कीं केवळ ‘तपासलें’ गेलें? या प्रश्नाचें समाधान होण्यास तीस वर्षें जावयाचीं होतीं.

दरम्यान हीच अडचण दुसऱ्या एका प्रश्नांत अधिक तीव्रतेनें उभी राहिली. बाजारांत फळवाला मोसंबीं रचतो तो खालच्या थरांतील खळग्यांत वरच्या थराचें फळ बसवून. गोळ्यांच्या अशा चितींत एकंदर गोळे किती, हें काढण्याचें सूत्र आर्यभटाच्या इ. स. ४९९ च्या ग्रंथांत आहे. परंतु यापेक्षां दाट रचना होऊंच शकत नाहीं काय, हा प्रश्न निराळा. होऊं शकत नाहीं, असें योहानेस केप्लर यांनीं १६११ सालीं लिहिलें. सिद्धता मात्र दिली नाहीं. या रचनेंत जागेचा सुमारें ७४ टक्के भाग भरतो. १९९८ सालीं थॉमस हेल्स यांनीं, सॅम्युएल फर्ग्युसन या आपल्या विद्यार्थ्याच्या साहाय्यानें, केप्लर यांचें म्हणणें सिद्ध केल्याचें जाहीर केलें. सिद्धतेंत सुमारें अडीचशें पानांचा मजकूर होता, आणि त्याच्या जोडीला संगणकाचे प्रोग्रॅम व त्यांनीं काढलेले आंकडे यांचा प्रचंड भारा होता. एका प्रतिष्ठित नियतकालिकानें ती तपासण्यासाठीं बारा पंडित नेमले. कित्येक वर्षें खपून त्यांनीं असा अभिप्राय दिला कीं, सिद्धता बरोबर असल्याची नव्याण्णव टक्के खात्री वाटते. संपूर्ण खात्री देणें मात्र शक्य नाहीं. व्यापारांत नव्याण्णव टक्के म्हणजे पुष्कळ झाले. गणितांत तो उरलेला एक टक्का हाच सारा प्रश्न असतो. २००५ सालीं सिद्धता छापली गेली, पण हेल्स यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं तिचा पुरा ताळा पाहण्याचा संकल्प आधींच, २००३ सालीं, सोडला होता. त्याची हकीकत सांगण्यापूर्वीं प्रोग्रॅमच्या बाजूकडे वळलें पाहिजे.

प्रोग्रॅम लिहिणारांपुढेंही पहिल्यापासून ताळ्याचाच प्रश्न होता. जून १९४९ मध्यें केंब्रिज येथील एका परिषदेंत अॅलन ट्युरिंग यांनीं मोठा प्रोग्रॅम कसा तपासावा यावर एक छोटा निबंध वाचला. त्यांनीं दिलेला दाखला शाळेंतील बेरजेचाच होता. अनेक संख्यांची बेरीज करून केवळ उत्तर लिहिलें, तर हातच्यांमुळें तपासणारास सारी बेरीज एका बैठकींत पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक स्तंभाची बेरीज वेगळी लिहून ठेवली असेल, तर एकेक स्तंभ स्वतंत्रपणें तपासतां येतो. त्याचप्रमाणें प्रोग्रॅमच्या प्रत्येक टप्प्यावर काय खरें असलें पाहिजे तें लिहून ठेवावें, आणि एका टप्प्यावरून दुसरा निघतो हें सिद्ध करावें. प्रोग्रॅम हा सिद्धतेचा विषय होऊं शकतो, हा विचार तेथें स्पष्टपणें मांडला गेला.

या विचाराची किंमत पुढें जगाला पैशांत मोजावी लागली. १९९४ सालीं अमेरिकेंतील थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक ११ व १३, १७ व १९ अशा जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज संगणकावर करीत होते. बेरीज जुळेना. कसून शोध घेतां दोष त्यांच्या प्रोग्रॅमांत नसून इंटेल कंपनीच्या पेंटियम या गणनघटकांत आहे असें आढळलें. त्याच्या भागाकाराच्या कोष्टकांत कांहीं आंकडे गळले होते. कंपनीनें त्यापायीं ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा तोटा दाखविला. दोनच वर्षांनीं, ४ जून १९९६ रोजीं, युरोपचा आरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत अवघ्या चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशांत नष्ट झाला. जुन्या अग्निबाणाचा प्रोग्रॅम नव्यांत तसाच घेतला होता. नव्याचा वेग अधिक असल्यानें एक मोठी संख्या तिच्यासाठीं राखलेल्या लहान जागेंत मावली नाहीं. जुन्या बाणावर तो प्रोग्रॅम वर्षानुवर्षें बिनचूक चालला होता. चाचणी म्हणजे नवाचा ताळाच होय: ती चूक दाखवूं शकते, पण चूक नाहींच अशी हमी देऊं शकत नाहीं. ती हमी सिद्धतेनेंच मिळते. १९९८ सालीं पॅरिस शहरांत चालकावांचून धावणारी भुयारी रेल्वेची चौदावी वाट सुरू झाली, तेव्हां तिच्या सुरक्षिततेचे प्रोग्रॅम केवळ चाचणीवर न सोडतां गणिती रीतीनें सिद्ध करून घेतलेले होते.

याप्रमाणें गणितास प्रोग्रॅम हवा झाला आणि प्रोग्रॅमला गणित हवें झालें. परंतु खरें नवल याहून खोल आहे. सिद्धता आणि प्रोग्रॅम या मुळांत दोन वस्तूच नव्हेत.

युक्लिडचें एक प्रसिद्ध प्रमेय घ्यावें: कोणत्याही संख्येहून मोठी अशी एखादी मूळ संख्या असतेच. त्याची सिद्धता अशी देतां येते. दिलेल्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार करावा, त्यांत एक मिळवावा, आणि जें येईल त्याचा एकाहून मोठा असा सर्वांत लहान भाजक घ्यावा. तो भाजक मूळ असतो आणि दिलेल्या संख्येहून मोठाही असतो. कारण त्या संख्येपर्यंतच्या कोणत्याही भाजकानें भागलें असतां बाकी एक उरते. पांच ही संख्या दिली, तर गुणाकार १२०, एक मिळवून १२१, आणि त्याचा सर्वांत लहान भाजक ११. आतां हीच वाक्यें पुन्हा वाचून पाहावीं. ही सिद्धता आहेच; पण हा प्रोग्रॅमही आहे. संख्या आंत टाकावी, मूळ संख्या बाहेर यावी. ‘अमुक असतें’ असें प्रमेय म्हणतें. ‘अमुक असें काढावें’ असें प्रोग्रॅम सांगतो. आणि प्रमेयाची खरी सिद्धता तें काढण्याची रीतच हातीं देते.

अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांना या साम्याची चाहूल १९३४ सालींच लागली होती. विल्यम हॉवर्ड यांनीं १९६९ सालीं तें पूर्णपणें मांडलें. त्यांचें टिपण हातोहात फिरत राहिलें आणि छापून निघालें तें १९८० सालीं. तर्काचा प्रत्येक नियम प्रोग्रॅमच्या एकेका रचनेशीं जुळतो. विधान म्हणजे प्रोग्रॅमनें कोणत्या जातीची वस्तु द्यावी याची मागणी, आणि सिद्धता म्हणजे ती मागणी पुरविणारा प्रोग्रॅम. हॉलंडमध्यें निकोलास डी ब्रुइन यांनीं १९६७ सालींच याच धर्तीची एक भाषा रचिली होती, कीं जींत लिहिलेलें गणित यंत्रानें तपासावें. फ्रान्समध्यें १९८४ सालीं थिअरी कोकां आणि जेरार ह्युए यांच्या हस्तें ‘कॉक’ या तपासनीस प्रोग्रॅमचा आरंभ झाला; त्याचें नांव आतां ‘रॉक’ असें झालें आहे.

येथें एक स्वाभाविक शंका येते. सिद्धता तपासणारा हाही अखेर प्रोग्रॅमच. त्यांत चूक नसेल कशावरून? याचें उत्तर या तपासनिसांच्या रचनेंत आहे. त्यांचा जो भाग शेवटचा निवाडा देतो, तो जाणूनबुजून अगदीं लहान ठेवलेला असतो. न्यायालयांत वकील कितीही येवोत आणि कितीही दिवस बोलोत, निकाल न्यायाधीशाच्या सहीनेंच लागतो. तद्वत् सिद्धता मनुष्यानें लिहिली असो वा दुसऱ्या एखाद्या अवाढव्य प्रोग्रॅमनें रचिली असो, तिची प्रत्येक पायरी या लहान गाभ्याकडून मंजूर व्हावी लागते. लाखों पायऱ्यांची सिद्धता मनुष्यास वाचवत नाहीं. पण थोडक्या नियमांचा हा गाभा मनुष्यास वाचतां येतो, आणि निरनिराळ्या लोकांना तो वेगवेगळा लिहूनही पाहतां येतो.

या मार्गानें जुन्या शंका फिटल्या. २००५ सालीं जॉर्ज गाँथिए यांनीं चार रंगांच्या प्रमेयाची संपूर्ण सिद्धता, विचाराचा भाग आणि यंत्राच्या तपासणीचा भाग दोन्ही धरून, कॉकमध्यें लिहून तपासून घेतली. १० ऑगस्ट २०१४ रोजीं हेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केप्लरच्या प्रश्नाचाही ताळा पुरा झाल्याचें जाहीर केलें. पंडितांच्या अभिप्रायांतील तो एक टक्का अकरा वर्षांच्या श्रमांनीं भरून निघाला.

ज्या सिद्धतांत यंत्राचा भाग मुळींच नाहीं, त्यांनाही असा ताळा हवा आहे काय? व्लादिमिर व्होएव्होडस्की यांचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. २००२ सालीं फील्ड्स पदक मिळविलेले हे थोर गणितज्ञ. १९९० च्या सुमारास त्यांनीं मिखाइल कप्रानॉव्ह यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला होता. १९९८ सालीं कार्लोस सिंप्सन यांनीं त्यांतील मुख्य निष्कर्षाविरुद्ध युक्तिवाद मांडला. पण निबंधांतील चूक नेमकी कोणत्या ओळींत आहे, हें त्यांनीं दाखविलें नव्हतें. कोणाचें खरें, हें वर्षानुवर्षें अधांतरीं राहिलें. चूक आपलीच, अशी व्होएव्होडस्की यांची खात्री २०१३ सालीं पटली. त्यांच्या लेखनांत अशा चुका आणखीही निघाल्या होत्या. विषय इतके गहन झाले होते कीं, चूक शोधण्यास लागणारी चिकाटी फारच थोड्यांजवळ होती. नामवंताचें लिहिणें आहे, तेव्हां बरोबरच असेल, असें म्हणून वाचक पुढें जात. नांवावर विसंबून चालणारें गणित त्यांना धोक्याचें वाटलें, आणि २०१७ सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं आपलें उरलेलें आयुष्य यंत्रानें तपासतां येईल असें गणित रचण्यांत घालविलें.

बॉनचे पीटर शोल्झ यांनाही हीच चिंता पडली. डिसेंबर २०२० मध्यें त्यांनीं डस्टिन क्लाउसेन यांच्यासह सिद्ध केलेलें एक प्रमेय जाहीरपणें पुढें ठेवलें आणि तें यंत्राकडून तपासून द्यावें असें आवाहन केलें. सिद्धता बरोबर असावी असें वाटतें, पण पुरतें निःशंक वाटत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. योहान कोमेलिन यांच्या पुढाकारानें अनेक जण कामास लागले. त्यांनीं वापरलेली भाषा ‘लीन’ ही होय. तिचा आरंभ लिओनार्डो डी मोरा यांनीं २०१३ सालीं केला. सहा महिन्यांत सर्वांत कठीण भाग तपासून झाला आणि जुलै २०२२ मध्यें काम तडीस गेलें. सिद्धता खरी निघाली. विशेष असें कीं, प्रत्येक पायरी यंत्रास पटेल इतकी स्पष्ट लिहितां लिहितां सिद्धतेचा कोणता भाग भार वाहतो आणि कोणता केवळ शोभेचा आहे, हें उघड झालें, आणि खुद्द शोल्झ यांना आपलीच सिद्धता अधिक चांगली उमगली. विद्यार्थ्यास पाढा समजावून सांगतां सांगतां शिक्षकास तो नव्यानें कळावा, तसेंच हें झालें.

आतां या कामाला सामुदायिक रूप आलें आहे. २०१७ पासून लीनमध्यें गणिताचें एक सामाईक भांडार उभारलें जात आहे. २०२५ पर्यंत त्यांत दोन लाखांवर प्रमेयें जमा झालीं. नोव्हेंबर २०२३ मध्यें गावर्स, ग्रीन, मॅनर्स आणि टाओ या चौघांनीं एक महत्त्वाची सिद्धता प्रसिद्ध केली. सुमारें तीन आठवड्यांत ती लीनमध्यें तपासूनही झाली. तींत निरनिराळ्या देशांतील, एकमेकांस न भेटलेल्या लोकांनीं लहान लहान भाग उचलले. कोणाचें ज्ञान किती, पदवी कोणती, हें विचारण्याचें कारण पडत नाहीं; पायरी बरोबर असेल तरच यंत्र ती घेतें. वाड्याच्या बांधकामावर प्रत्येक वीट तपासून घेणारा मुकादम उभा असला, म्हणजे अनोळखी गवंडीही कामावर घेतां येतात.

गेल्या कांहीं वर्षांत तर हा मुकादम अत्यावश्यकच झाला आहे. मनुष्यासारखें बोलणारे व लिहिणारे प्रोग्रॅम आतां गणितही लिहूं लागले आहेत, आणि त्यांचें लिखाण ऐकण्यास इतकें सफाईदार असतें कीं, त्यांतील खोटी पायरी सहज डोळ्यांआड होते. म्हणून त्यांचें गणित लीनसारख्या तपासनिसापुढें ठेवण्याची रीत पडत आहे. जुलै २०२४ मध्यें गुगलच्या डीपमाइंड या शाखेनें असें जाहीर केलें कीं, तिच्या दोन प्रोग्रॅमांनीं मिळून त्या वर्षींच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधील सहांपैकीं चार प्रश्न सोडविले आणि ४२ पैकीं २८ गुण मिळविले. शालेय विद्यार्थ्यांच्या त्या स्पर्धेंत हे गुण रौप्यपदकाच्या योग्यतेचे होते. त्यांपैकीं तीन प्रश्नांचीं उत्तरें लीननें तपासलेलीं होतीं. मात्र ते प्रश्न लीनच्या भाषेंत उतरविण्याचें काम माणसांनीं केलें होतें.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाहीं. यंत्र सिद्धता तपासतें. पण सिद्ध करावयाचें विधान आपल्या मनांतील विधानच आहे कीं नाहीं, हें यंत्रास कळत नाहीं. उदाहरणार्थ, लीनमध्यें कोणत्याही संख्येस शून्यानें भागलें असतां उत्तर शून्य मानावें, असा सोयीसाठीं केलेला संकेत आहे. त्यामुळें तर्कांत विसंगति येत नाहीं. पण हा संकेत ठाऊक नसलेल्या मनुष्यानें लिहिलेलें विधान त्याच्या कल्पनेहून निराळें कांहीं तरी सांगत असेल, आणि यंत्र तें निमूटपणें मंजूर करील. अग्निबाणाच्या प्रोग्रॅमकडून काय अपेक्षा आहे हेंच चुकीचें लिहिलें, तर त्याची निर्दोष सिद्धताही बाण वांचविणार नाहीं. व्याख्या वाचणें, विधानाचा अर्थ पारखणें आणि हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे काय हें ठरविणें, हीं कामें मनुष्याकडेच राहिलीं आहेत. शिवाय सर्वच प्रश्न सोडविणारी यांत्रिक रीत असूं शकत नाहीं, हें तर ट्युरिंग यांनीं १९३६ सालींच सिद्ध करून ठेविलें आहे.

चार रंगांच्या बाबतींत उठलेल्या शंकेचे यावरून दोन भाग पडतात. प्रमेय खरें आहे काय, हा पहिला भाग. त्याचें समाधान यंत्रानें मनुष्याहून अधिक चोखपणें केलें आहे. प्रमेय खरें कां आहे, हा दुसरा भाग. तो यंत्रानें सोडविला नाहीं. कापरेकरांच्या संख्येचेंच पाहावें. ५४ जोड्या तपासून ६१७४ ची खात्री पटते, पण त्या सर्व वाटा एकाच ठिकाणीं कां मिळाव्यात, याचें कुतूहल तेवढ्यानें शमत नाहीं. गणिताचा अभ्यास ज्यांनीं मनापासून केला, त्यांना या दोहोंतील फरक सांगावा लागत नाहीं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांना प्रोग्रॅम लिहिण्याची ओळख करून देण्याचें योजिलें आहे, आणि शहरांतील पुष्कळ घरांत त्याआधींच ती घाई सुरू झाली आहे. संगणक आल्यावर भूमितींतील प्रमेयांची घोकंपट्टी कशाला, असेंही ऐकूं येतें. घोकंपट्टी नकोच, पण ‘पक्ष’, ‘साध्य’ आणि ‘सिद्धता’ असे भाग पाडून, प्रत्येक पायरीसमोर तिचें कारण लिहिण्याची जी शिस्त भूमितीच्या तासाला लागते, तीच शिस्त अग्निबाणाच्या प्रोग्रॅमला आणि शोल्झ यांच्या प्रमेयाला लागली. मुलाच्या हातीं संगणक द्यावा. त्याच्याबरोबर कागद आणि पेन्सिलही द्यावी. उत्तर बरोबर आलें एवढें यंत्र त्याला सांगेल. तें कां बरोबर आलें, हें विचारण्याची संवय त्याला घरांतून आणि शाळेंतूनच लागली पाहिजे.